आगोटीतले सिनेमे: आईबरोबर घरात काढलेला आषाढ

ओटीवरची

काल दिव्यांची अवस झाली आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही कालच महिना पुरा झाला. हा सगळा महिना मी गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी आहे. पावसात डोळ्याचं ऑपरेशन करू नये असं आमच्याकडे म्हणतात, पण ऋतूचा त्याच्याशी काही संबंध नाही हे डॉक्टरांनी आईला नीट समजावलं. आंब्याची गडबड संपल्याशिवाय ती हलणारही नव्हती. मग आषाढच मिळाला.

वाकायचं नाही, चुलीच्या धुराजवळ जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे. ज्या बाईने सत्तर वर्षांत दुपारी पाठ टेकली नाही, तिने महिनाभर करायचं काय? टीव्ही बघायला हरकत नाही, एवढं डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य मी धरून ठेवलं.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. पाऊस सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे आगोट भरतात. आमसुलं, फणसपोळी, सांडगे, कुळीथ, सुकं सरपण, ज्यांच्याकडे चालते त्यांची सुकी मासळी, असं सगळं मे संपायच्या आत घरात यायला हवं. एकदा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, भरला की दुकानापर्यंत जाणंसुद्धा जिवावर येतं. मी तशीच सिनेमांची आगोट भरली. चिपळूणला बहिणीकडे दोन रात्री बसून तिच्या वायफायवर टॅब भरून घेतला, कारण आमच्या वाडीत रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यापाशी, आणि पावसात तिथे उभं कोण राहणार?

टॅब पाटावर, त्याच्या पाठीमागे टेकायला तांदळाचा डबा, आवाजाला भावाचा जुना स्पीकर. पडवीवर पत्रे आहेत, सर आली की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आम्ही माजघरात बसायचो. तिथे वर कौलं आहेत, आवाज जरा मऊ येतो.

पहिला सिनेमा आईने निवडला, ‘श्यामची आई’. आचार्य अत्र्यांचा, १९५३चा. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा सुवर्णपदकाचा पहिला मान याच सिनेमाला मिळाला होता. आईचं माहेर दापोलीकडचं, साने गुरुजींच्या पालगडपासून लांब नाही. शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरं कापड बांधून तिला तो दाखवला होता, जमिनीवर बसून बघितलेला. या वेळी सिनेमा संपल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ती बाई किती दमलेली आहे गं. लहानपणी मी नुसती श्यामकडे बघत होते.” आई झालेल्या वनमालाबाईंचं काम मी आधीही पाहिलं होतं. पण ‘दमलेली’ हा शब्द मनात घेऊन मी परत काही प्रसंग लावले तेव्हा त्यांची उठण्याबसण्याची पद्धत, दाराला टेकणं, बोलण्याआधी घेतलेला श्वास, सगळं दिसायला लागलं.

मग ‘किल्ला’. अविनाश अरुण यांचा, २०१५ साली आपल्याकडे लागलेला. त्याच्या आदल्या वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला होता. वडील गेलेला मुलगा, बदली होऊन कोकणात आलेली आई, आणि पाऊस. आमच्या घराबाहेर तोच पाऊस. आईने मध्येच एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा. मला वाटलं काही खुपतंय. तर म्हणाली, “या डोळ्याने समुद्र पिवळट दिसतो आणि या डोळ्याने निळा. खरा कुठला?” मोतीबिंदू झालेलं भिंग पिवळं पडत जातं आणि ते इतकं हळूहळू होतं की माणसाला कळत नाही. ऑपरेशन झालेला डोळा खरा रंग दाखवत होता. किती वर्षं ती पिवळा समुद्र बघत होती, कोण जाणे. तो सिनेमा तिने त्यानंतर दोनदा पाहिला, रंगांसाठी.

तिसऱ्या आठवड्यात मराठी संपत आलं. उरलं होतं ते मी स्वतःसाठी घेतलेलं, ‘पथेर पांचाली’ आणि माजिद मजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’. बंगाली आणि फारसी, खाली इंग्रजी ओळी. आई सातवी शिकलेली, इंग्रजी नाही. आणि जवळचा चष्मा महिन्याने मिळणार होता, त्यामुळे मराठी ओळी असत्या तरी टॅबवर वाचता आल्या नसत्या. मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाली, “तू सांग ना वाचून.”

म्हणून मी वाचायला लागले. इंग्रजी ओळ बघायची आणि आमच्या घरच्या मराठीत म्हणायची. पहिली दहा मिनिटं जमेना, मी पुस्तकी बोलत होते. इंदिर ठाकरून, त्या घरातली म्हातारी आत्या, पेरू तोंडाशी नेऊन हसते तिथे आईच म्हणाली, “नमूआत्या गं.” आमच्याकडेही अशी एक आत्या होती, ओटीच्या कोपऱ्यात राहायची. तिथून पुढे मी सगळ्यांची बोलणी आमच्या घरातल्या माणसांच्या तोंडची केली. सर्बजया, म्हणजे त्या घरातली आई, आमच्या काकूसारखी बोलायला लागली, तिची मुलगी दुर्गा माझ्या धाकट्या बहिणीसारखी.

शेवटाकडे दुर्गाचा बाप हरिहर घरी येतो, मुलगी गेली हे त्याला माहीत नसतं, तिच्यासाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. मी पुढची ओळ वाचायला तयार होते आणि ओळच आली नाही. सर्बजयाचं तोंड उघडतं, पण तिचा आवाज ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजतं. मी हा सिनेमा कॉलेजात दोनदा पाहिलाय, तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तासभर प्रत्येकाचं बोलणं माझ्या तोंडून जात होतं म्हणून त्या जागी माझ्या घशाशी आलं.

‘श्वास’ मी लपवून ठेवला होता. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. डोळ्याला पट्टी लावलेल्या आईला हे कसं दाखवू? तिने यादीत नाव बघितलं आणि लाव म्हणाली. त्याबद्दल उद्या लिहिते, थेंबांची वेळ झाली. तोवर तुम्ही सांगा, या पावसात तुमच्या घरी काय काय पाहिलंत आणि कोणाबरोबर?

सुरंगी

ओटीवरची ताई, ‘नमूआत्या’पाशी मी थांबले. आमच्याकडे ती मावशीआजी होती.

‘पथेर पांचाली’ची एक गोष्ट सांगते. त्याच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या आगीत भाजल्या होत्या. त्यातली वाचलेली रिळं भिजवून, जोडून, जिथे नव्हतं तिथे दुसऱ्या प्रतींवरून घेऊन २०१५ साली नवी प्रत तयार झाली. तुम्ही आणि आईंनी माजघरात पाहिली ती बहुतेक त्यातूनच आलेली. इतक्या लोकांनी हातांनी सावरून ठेवलेली वस्तू पाटावर तांदळाच्या डब्याला टेकून चालली, याचा मला फार आनंद झाला.

डोलकाठी, मालवण

ताई, धागो वाचलंय आणि गप ऱ्हवाक जमला नाय. आमच्याकडे १ जूनपासून होडी वर काढलेली. घोव दोन म्हयने घरात, म्हणान आमी रोज रातचा काय ना काय बघतोच.

बाकीचं सगळ्यांना कळावं म्हणून असं लिहिते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, माशांची वीण असते तेव्हा. एरवी हे पहाटे जातात, कधी रात्री जातात, आल्यावर झोपतात. वर्षातले हे दोनच महिने आमचं सगळं घर रात्री आठ वाजता एका खोलीत असतं. या वेळी सासूबाईंच्या हट्टाने ‘रात्रीस खेळ चाले’ ही भुताखेतांची मालिका पहिल्यापासून लावली. २०१६ साली ती सुरू झाली तेव्हा सासूबाई रोज हात धुऊन बसायच्या. तिचं चित्रीकरण झालं तो आकेरीचा वाडा आम्ही जाऊन बघून आलोय. भुताखेतात त्यांना रस नाही. त्यांना आवडतं ते एवढंच की सासू, सून, दीर, सगळे घरात बसून मालवणी बोलतात. त्याआधी पडद्यावर मालवणी कोणाच्या तोंडी असायची? गड्याच्या, नाहीतर हसवायला ठेवलेल्या माणसाच्या. घरातल्या मोठ्या माणसाने रागावून, रडून, समजूत घालून मालवणी बोललेली त्यांनी टीव्हीवर पहिल्यांदा ऐकली.

वेंगुर्ल्याची लेक

डोलकाठी, भाषेबद्दल पूर्ण पटलं. पण माझं मन त्या मालिकेला अजून राजी होत नाही. मी पुण्यात नोकरीला असताना गाव सांगितलं की पहिला प्रश्न यायचा, तुमच्याकडे खरंच असं असतं का? देवचार, करणी, विहिरीत कोण आहे. आमच्या घरात तीन पिढ्या शिक्षक आहेत. काजूच्या बिया फोडून हात काळे झालेल्या बायका आहेत, मुंबईला माणूस गेल्यावर एकटीने बागायत सांभाळलेली माझी आजी आहे. यांच्यावर कोणी मालिका का करत नाही? मालवणी भाषा टीव्हीवर यायला भूतच का लागतं?

मालवणी ऐकायची तर मी घरच्यांना ‘वस्त्रहरण’ लावून देते. गंगाराम गवाणकरांचं नाटक, मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच, पाच हजारांवर प्रयोग झालेले. तिथेही लोक हसतात, पण गावातल्या माणसांची नाटक उभं करायची धडपड त्यात आहे, आणि त्या धडपडीवर लिहिणाऱ्याचं प्रेम आहे. ते ऐकताना मला कधी लाज वाटत नाही.

डोलकाठी, मालवण

लेकी, तुझ्या आजीची मालिका झाली तर सासूबाई सगळ्यात पुढे बसतील. मी पण.

पुलाखालचा

ओटीवरची यांचं लिखाण मनापासून आवडलं, तरी एक मतभेद नोंदवतो. सिनेमा वाचून दाखवू नये असं माझं ठाम मत आहे. ओळींत असतो तो सिनेमातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. माणसाचा मूळ आवाज, बंगालीतला तो चढउतार, दोन वाक्यांमधली शांतता, यावर आपण बोललो की ते पुसलं जातं. ‘किल्ला’चंच घ्या. दिग्दर्शकाने कॅमेरा स्वतः धरलाय आणि कितीतरी मिनिटं कोणी काही बोलत नाही. ओला रस्ता, सायकल, चौथरा, दीपगृह. अशा सिनेमात कोणी कानाशी बोलत राहिलं तर मी उठून जाईन. भाषा कळत नसेल तर आधी गोष्ट सांगावी आणि मग गप्प बसून बघावं.

ओटीवरची

पुलाखालचा, तुमचं म्हणणं मी सकाळपासून मनात घोळवतेय. ‘किल्ला’ला मी एक शब्दही बोलले नाही, मराठीच होता. आणि गोष्ट आधी सांगून बघायचा प्रयोग मी ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ला केला. बहिणीचे बूट भाऊ हरवतो, मग एकाच जोडीत दोघं आळीपाळीने शाळेत जातात, शर्यतीत तिसरा आला तर बूट मिळणार असतात. एवढं सांगितलं आणि गप्प बसले. दहाव्या मिनिटाला आई म्हणाली, “तो बापाला काय म्हणाला?” गोष्ट तिला कळत होती. तिला कोण कोणाशी कोणत्या सुरात बोलतंय ते हवं होतं. तो भाऊ वहीत लिहून बहिणीशी भांडतो, बाप तिथेच असतो म्हणून. ते वहीतलं भांडण तिच्यापर्यंत पोचवल्याशिवाय कसं चालेल?

मूळ आवाज मात्र मी आता जपते. माणूस बोलून संपला की मग म्हणते, त्याच्या आवाजावर माझा आवाज चढवत नाही. एखादी ओळ राहून जाते, ती राहू देते.

काळोख्या वाटेवर

इथे पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेली. मोतीबिंदूत भिंग बदलता येतं, काचबिंदूत डोळ्याची नसच मरते, गेलेलं परत येत नाही. सहा वर्षं झाली. आम्ही राजापूरजवळ असतो.

पुलाखालचा म्हणतात ते आणि ओटीवरची म्हणतात ते, दोन्ही मी रोज करून पाहतो, कारण मला ओळी नव्हे तर चित्रच सांगावं लागतं. सुरुवातीला मी सगळं सांगायचो. आता तो उठला, आता ती आत गेली. बाबा कंटाळायचे. एकदा म्हणाले, “चालण्याचा आवाज मला येतो. घर कसलं आहे ते सांग. चिऱ्याचं की मातीचं? दार किती उंच आहे, वाकून जातात का?” तेव्हापासून मी प्रसंग सुरू होताना जागा सांगतो. उजेड कुठून येतो, भिंतीला काय लावलंय, कोण उभं आणि कोण बसलेलं. मग माणसं बोलू लागली की गप्प. मध्ये चेहऱ्यावर काही घडलं आणि आवाजात ते नसेल, तर दोन शब्द. “हसली नाही.” “बघतोय तिच्याकडे.”

‘श्वास’ आम्ही गेल्या वर्षी असाच पाहिला. २००४चा, संदीप सावंत यांचा. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते त्याला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आजोबा नातवाला रुग्णालयातून बाहेर घेऊन जातात, जग दाखवायला. अरुण नलावडे आणि तो छोटा अश्विन चितळे. त्या भागात मी बाबांना काय काय दिसतंय ते सांगत होतो आणि माझ्या लक्षात आलं की पडद्यावरचा आजोबाही तेच करतोय. बाबांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं होतं. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

ओटीवरची

काळोख्या वाटेवर, तुम्ही लिहिल्यावर मला ‘श्वास’बद्दल वेगळं लिहायची गरज उरली नाही. एवढंच सांगते, आई रडली नाही. सिनेमा संपल्यावर दार उघडून पडवीत उभी राहिली आणि समोरची रातांब्याची, फणसाची, जांभळीची झाडं एकेक करून बघत बसली. आणि हो, त्यातली समाजसेविका बघून म्हणाली, “ही त्या किल्ल्यातली आई ना?” अमृता सुभाष. मधे दहा-अकरा वर्षं. नव्या डोळ्याने तिने बरोबर ओळखलं.

केबल आणि कौलं

मी दापोली तालुक्यात डिश बसवायचं काम करतो. पावसाळ्यात रोज दहा फोन असतात, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहितो.

सर आली की चित्र जातं यात डिशचा दोष नसतो. उपग्रहाच्या लहरी अडीच-पावणेतीन सेंटिमीटर लांबीच्या असतात, दाट पावसाच्या थेंबांत त्या शोषल्या आणि विखुरल्या जातात. दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आपल्यासाठी आग्नेयेला. त्या दिशेला ढग दाट असेल तर आपल्या अंगणात ऊन असूनही चित्र फुटतं. सर गेली की आपोआप येतं. तेवढ्यासाठी कौलांवर चढू नका. शेवाळलेल्या कौलावरून पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

करता येण्यासारखं असं. ६० सेंटिमीटरच्या जागी ९०ची डिश लावली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, मध्यम पावसात फरक पडतो. खारं वारं लागून केबलच्या जोडावर हिरवा गंज चढतो, तो दर वर्षी मे महिन्यात बघून घ्या. जोडाच्या खाली केबलला झोळ ठेवा म्हणजे पाणी आत न शिरता तिथून टिपकतं. विजा सुरू झाल्या की डिशची केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवा.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी: ३२ इंची एलईडी टीव्ही आणि सेटटॉप मिळून साठेक वॉट घेतात. १५० एएचची चांगली बॅटरी अर्धीच वापरायची ठरवली तरी दहा-बारा तास चालतात. फ्रिज मात्र त्यावर टाकू नका.

मंडणगडची माई

केबलवाल्या भावा, तुझं वाचून २०२० आठवलं. २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ परत दाखवायला घेतलं. १९८७ साली मी नवी नवरी होते. आमच्या वाडीत एकच टीव्ही, रविवारी सकाळी खोताच्या ओटीवर सगळी वाडी. ३३ वर्षांनी तेच सगळं मी नातवंडांना मांडीवर घेऊन बघितलं. मुंबईहून सगळे आलेले, घर भरलेलं. आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. कौलं गेली, माडपोफळी आडव्या, विजेचे खांब रस्त्यावर. कित्येक दिवस लाइट नाही. संध्याकाळी पोरं बंद टीव्हीसमोर बसायची. मग मीच त्यांना गोष्ट पुढे सांगायला लागले. जेवढं आठवेल तेवढं, बाकी माझ्या आजीने सांगितलेलं. कोणी म्हणालं नाही की टीव्हीत असं नव्हतं.

ओटीवरच्या बाय, तुझ्या आईला ‘कासव’ दाखव. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. त्यालाही सुवर्णकमळ मिळालं आहे. जगण्याचा धीर सुटलेला एक पोरगा आणि त्याला काही न विचारता घरात ठेवून घेणारी बाई, एवढीच गोष्ट. आमचं वेळास इथून जवळ, कासवांच्या अंड्यांची राखण आम्ही डोळ्यांनी बघितली आहे. मादी अंडी घालून वाळू लोटते आणि निघून जाते, पन्नासेक दिवस दुसरं कोणीतरी जपतं. त्या बाईकडे बघून मला तेच वाटत राहिलं.

वेंगुर्ल्याची लेक

माई, मला हवं होतं ते हेच. कोकणातलं माणूस, समुद्र आणि घर, आणि भूत कुठेही नाही. आज रात्री लावते.

पुलाखालचा

काळोख्या वाटेवर यांचं लिखाण दोनदा वाचलं. आधी जागा सांगायची आणि बोलणं सुरू झालं की गप्प बसायचं, हे मला सुचलं नव्हतं. मी कायम एकट्यानेच सिनेमे बघत आलो, त्यामुळे माझं मत तयार झालं असावं. येत्या रविवारी आमच्या आत्याकडे जातोय, त्यांनाही कमी दिसतं. विचारून बघतो.

ओटीवरची

शेवटचं लिहिते, उद्या पहाटेच्या एसटीने मी निघतेय.

काल दुपारी वाडीतली चार पोरं आली, शाळा पावसाने सोडली होती. काहीतरी लाव म्हणून मागे लागली. टॅबवर जवळपास सगळ्याची मुदत संपलेली, ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ तेवढा उरला होता. आईला सकाळीच नवा चष्मा मिळालाय, ती तांदूळ निवडत बसली होती. महिन्याने पहिल्यांदा तिच्या हातात काम होतं.

सिनेमा सुरू झाला, मुलगा बूट शिवून घेतो, ते हरवतात, तो घरी येतो. बहीण विचारते. मी वाचायला तोंड उघडलं तर आईने हात वर करून मला थांबवलं. सूप बाजूला ठेवलं. आणि त्या मुलीचा प्रश्न तिने विचारला. “दादा, माझे बूट कुठे?” मग त्याचं उत्तर. मग वहीतलं भांडण, एकदा त्याच्या आवाजात, एकदा तिच्या. खालच्या ओळींकडे ती बघतही नव्हती. काही ठिकाणी तिने मी म्हटलं होतं त्याहून वेगळं म्हटलं, आणि ते जास्त बरोबर होतं. बाप मशिदीसाठी दुसऱ्यांची साखर फोडत असतो आणि स्वतःच्या चहात घालायची म्हटल्यावर ती आपली नाही म्हणतो, तिथे पोरं इतकी गप्प झाली की पत्र्यावरचं पाणी ऐकू येत होतं.

शर्यत लागली तेव्हा चारही पोरं उभी राहिली. आईसुद्धा.

चारचे थेंब साडेपाचला घातले.